शस्त्रपरवान्याचा कायदा शरीयतच्या कसोटीवर कसा तपासायचा

"शस्त्र बाळगायची मुभा अल्लाहने दिली, मग परवाना मागणारं सरकार कोण?" असं एक जण म्हणतो. दुसरा म्हणतो, "कायदा आहे म्हणजे पाळायचा, त्यात दीन (धर्म) कशाला आणता?" दोघांनीही बहुधा कायदा वाचलेला नसतो. परवान्याच्या कायद्यात अनेक अटी असतात: वयाची, जागेची, साठवणुकीची, विक्रीची, फीची. शरीयतचा हुकूम प्रत्येक अटीला वेगळा लागू शकतो. अख्ख्या कायद्याला एकदम 'इस्लामी' किंवा 'गैरइस्लामी' ठरवायला निघालं की गाडी तिथेच रुतते. म्हणून खाली दिलेली पद्धत कलमागणिक चालते. खुत्बा (मशिदीतलं प्रवचन) तयार करणारे इमाम, फिक्ह म्हणजे इस्लामी कायदेशास्त्र शिकणारे विद्यार्थी, वकील आणि स्वतः परवान्यासाठी अर्ज करणारे, सगळ्यांना ती वापरता येईल.

आधी कलमं सुटी करा

कायदा आणि त्याखालचे नियम, दोन्हींचा मूळ मजकूर समोर घ्या. बातमीतला सारांश चालत नाही, कारण खरा वाद बहुतेक वेळा नियमांतल्या एखाद्या पोटकलमावर असतो. कागदावर सहा रकाने आखा: शस्त्र कोण बाळगू शकतो, कोणतं शस्त्र आणि किती काडतुसं, ते कुठे नेता येतं आणि कुठे नाही, घरी कसं ठेवायचं, कुणाला विकता किंवा तात्पुरतं देता येतं, आणि परवाना कधी नाकारतात, रद्द करतात, शस्त्र कधी जप्त होतं. फी आणि नूतनीकरण शेवटच्या रकान्यातच घाला.

प्रत्येक अट एका ओळीत लिहा आणि तिच्यासमोर तिचं कारण लिहा. कारण सापडलं नाही तर जागा कोरी सोडा, मनाने भरू नका. पुढे सगळ्यात जास्त काम या कोऱ्या जागांवरच करायचं आहे.

मूळ हुकूम काय, ते नीट ठरवा

फिक्हचा पायाभूत नियम असा की मनाई सिद्ध होईपर्यंत वस्तू मुबाह, म्हणजे मुभा असलेली. शस्त्रही त्यातच येतं. युद्धभूमीवर नमाज पढताना शस्त्रं जवळ ठेवायला कुरआन सांगतं (४:१०२, म्हणजे चौथी सूरह, आयत १०२). शत्रूविरुद्ध जमेल तेवढं बळ आणि बांधलेले घोडे तयार ठेवा, अशी सूरह अनफालची आयत आहे (८:६०). हजरत उकबा बिन आमिर (रजि.) यांच्या हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या वचन-कृतींच्या नोंदीत, पैगंबर मुहंमद (स.) यांनी मिंबरवर (मशिदीतल्या व्यासपीठावर) ही आयत पढून "ऐका, बळ म्हणजे नेमबाजी" असं तीनदा सांगितल्याचं येतं. ही हदीस 'सहीह मुस्लिम' या हदीससंग्रहात आहे.

परवान्याविरुद्ध बोलणारे ८:६० वर येऊन थांबतात. ती आयत समूहाला उद्देशून आहे. तिच्या आधीच्या-नंतरच्या आयतींत करार, करारभंग आणि तह यांची चर्चा आहे. अगदी लगेच पुढची आयत (८:६१) समोरचा तहाकडे झुकला तर तुम्हीही झुका असं सांगते. फकीहांनी, म्हणजे फिक्हच्या विद्वानांनी, या तयारीला फर्जे किफाया म्हटलं, म्हणजे समाजावरचं सामूहिक कर्तव्य, आणि त्याची व्यवस्था लावण्याचं काम इमामाचं, म्हणजे शासनकर्त्याचं मानलं. दुसरे खलीफा हजरत उमर (रजि.) यांनी हिजरी २० च्या सुमारास दीवान सुरू केला, तेव्हा लढणाऱ्यांची नावं नोंदवहीत चढली. नोंदणी म्हणजे दीनवर घाला, हा आक्षेप इथेच ढिला पडतो. तरी दीवान पगार वाटण्यासाठी होता, शस्त्रांची मोजदाद करण्यासाठी नव्हता. त्याला थेट पुरावा म्हणून पुढे करू नका, जवळचा दाखला म्हणूनच वापरा.

तेव्हा मूळ हुकूम मुबाह. प्रत्येक माणसावर प्रत्येक वेळी वाजिब (बंधनकारक) नाही, आणि मूळतः हरामही (निषिद्धही) नाही. हे आधी पक्कं केलं नाही तर पुढची सगळी मांडणी घसरते: वाजिब धरलं तर कोणतीही अट 'दीनमध्ये अडथळा' दिसू लागते, आणि शस्त्र म्हणजे मुळातच पाप धरलं तर कोणतीही बंदी आपोआप न्याय्य ठरते.

मजकुरातच घातलेल्या अटी शोधा

तपासणीचा सगळ्यात भरीव भाग हाच, आणि बहुतेक लेख नेमके इथूनच उडी मारून पुढे जातात. परवान्याची पद्धत सातव्या शतकात नव्हती, पण शस्त्रावर जागेची, रीतीची, व्यक्तीची अट घालणं तेव्हापासूनच आहे.

रीतीपासून सुरू करा. एक माणूस मशिदीतून बाण घेऊन चालला होता. पैगंबरांनी (स.) त्याला बाणांची टोकं धरून चालायला सांगितलं. दुसऱ्या हदीसमध्ये बाजाराचाही उल्लेख आहे: आमच्या मशिदीतून किंवा बाजारातून बाण घेऊन जाणाऱ्याने टोकं मुठीत धरावीत, कुणा मुसलमानाला इजा होऊ नये म्हणून. या हदीस बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहेत. इथे बाण जप्त झाला नाही, माणसाला दोषही दिला नाही. गर्दीच्या जागी शस्त्र कसं न्यायचं एवढीच अट घातली. आजच्या कायद्यात बंदूक रिकामी करून, बंद पेटीत न्यायची अट असते, तिचा हा सख्खा पूर्वज.

म्यानाबाहेरची तलवार हातोहात देऊ नये, ही हजरत जाबिर (रजि.) यांची हदीस अबू दाऊद आणि तिरमिजी या संग्रहांत आहे. भावाकडे शस्त्र रोखू नका, सैतान हात हलवेल आणि माणूस आगीच्या खड्ड्यात पडेल, ही बुखारी-मुस्लिमची. मुस्लिममधल्या एका हदीसनुसार लोखंड रोखणाऱ्यावर फरिश्ते लानत करतात, मग समोर सख्खा भाऊ का असेना. या दोन हदीसमध्ये रोखणाऱ्याचा हेतू विचारात घेतलेला नाही. थट्टेत रोखलं तरी मनाई तीच. नुकसान होण्याआधीच कृतीला आळा घालणं हे परवान्याच्या कायद्याचं मुख्य तत्त्व, आणि ते इथे जसंच्या तसं आहे. 'अजून मी काही केलंच नाही, मग माझ्यावर अट का?' या प्रश्नाचं उत्तरही इथेच मिळतं.

आता जागा. मक्केत शस्त्र बाळगणं हलाल नाही, अशी मुस्लिममधली हदीस आहे. मुस्लिमचे भाष्यकार इमाम नववी यांनी ती 'गरज नसताना' अशी समजावली. बुखारीत ईदच्या प्रकरणांत एक प्रसंग येतो, तो पूर्ण वाचण्यासारखा आहे. मक्केजवळच्या मिनामध्ये गर्दीत हजरत इब्ने उमर (रजि.) यांच्या तळपायात भाल्याचं टोक घुसलं आणि पाय रिकिबीला चिकटला. सईद बिन जुबैर यांनी उतरून ते टोक उपसलं. हज्जाज बिन यूसुफ हा शासक विचारपूस करायला आला आणि म्हणाला, कुणी मारलं ते कळलं असतं तर! इब्ने उमर म्हणाले, तूच मारलंस. कसं, असं त्याने विचारल्यावर ते म्हणाले, ज्या दिवशी शस्त्रं नेत नसत त्या दिवशी तू ती नेऊ दिलीस, आणि ज्या हरममध्ये (मक्केच्या पवित्र हद्दीत) शस्त्रं येत नसत तिथे तू ती आणलीस.

भाला हातात असलेला माणूस अनोळखीच राहिला. इब्ने उमर या सहाबींनी, म्हणजे पैगंबरांच्या सोबत्याने, ठपका ठेवला तो शस्त्रांना मोकळं रान देणाऱ्या सत्तेवर. सरकारने शस्त्रांत लक्ष घालू नये असं म्हणणाऱ्यांनी या प्रसंगाचं काय करायचं ते सांगावं.

विक्रीचं कलम तपासताना 'फितन्याच्या (दंगा, यादवीच्या) काळात शस्त्रविक्री' हा विषय उघडा. हजरत इमरान बिन हुसैन (रजि.) यांना अशी विक्री नापसंत होती, असं बुखारीत नोंदलं आहे. हनफी मजहबच्या (सुन्नी फिक्हच्या चार परंपरांपैकी एक) ग्रंथांत फितना करणाऱ्याला शस्त्र विकणं मकरूह (नापसंत) म्हटलंय, आणि लगेच जोडलंय की खरेदीदार तसा आहे हे विक्रेत्याला माहीतच नसेल तर हरकत नाही. म्हणजे हुकूम माहितीवर फिरतो. पूर्वी गावात कोण कसा आहे हे विक्रेत्याला ठाऊक असे. आज ती माहिती पडताळणीखेरीज मिळत नाही. ती मिळवण्याची सोय असताना डोळे मिटून विकणं, हे पाप आणि आक्रमणात एकमेकांना मदत करू नका (५:२) या आज्ञेच्या फार जवळ जातं.

व्यक्तीची अट: वय, मानसिक स्थिती, पूर्ववृत्त

यतीमांचा (अनाथ मुलांचा) माल त्यांना कधी सोपवायचा, हे कुरआनने सांगितलं आहे: लग्नाच्या वयाला येईपर्यंत त्यांना पारखत राहा, समज दिसली तर माल द्या (४:६). त्याआधीची आयत नासमज माणसाच्या हाती माल देऊ नका म्हणते (४:५). दोन गोष्टी लागतात, वय आणि समज. नुसतं वय पुरेसं नाही. स्वतःचाच माल असूनही पारख होईपर्यंत तो ताब्यात मिळत नाही; ज्याने दुसऱ्याचा जीव जाऊ शकतो अशा वस्तूला ही पारख जास्तच लागू व्हावी, असा कियास (तुलनेने काढलेला हुकूम) सरळ निघतो.

परवान्याच्या वयाचा आकडा मात्र शरीयतमध्ये शोधत बसू नका. माल सोपवण्याबाबत इमाम अबू हनीफा (रह.) यांनी २५ वर्षांची सीमा सांगितली, इतर इमामांनी समज दिसेपर्यंत वयाची सीमाच मानली नाही. १८ की २१ हा प्रश्न शासनकर्त्याच्या ठरवण्याचा आहे.

अबू हनीफांचं आणखी एक मत इथे सोन्याहून पिवळं. प्रौढ, शहाण्या माणसाच्या व्यवहारांवर केवळ उधळेपणामुळे बंदी घालायला त्यांचा विरोध होता. व्यक्तिस्वातंत्र्याच्या बाबतीत ते चारही मजहबांच्या इमामांत सर्वांत पुढे. तरीही तिघांना रोखायला त्यांनी मान्यता दिली: लोकांना पळवाटा शिकवणारा बेपर्वा मुफ्ती, अडाणी वैद्य आणि भाड्याने जनावरं देतो म्हणून पैसे घेणारा पण जवळ काहीच नसलेला दिवाळखोर. पहिला दीन बिघडवतो, दुसरा जीव घेतो, तिसरा माल बुडवतो. हनफी फकीह कासानी यांनी खुलासा केला की हे त्यांना प्रत्यक्ष कामापासून रोखणं आहे, त्यांचा करार रद्दबातल ठरवणं नव्हे. अपात्र माणसाला त्या कामापासून लांब ठेवण्याचा हा अधिकार, आजच्या परवानापद्धतीचा फिक्हमधला सगळ्यात मजबूत आधार आहे. उस्मानी काळात १८६९ ते १८७६ दरम्यान तयार झालेल्या 'मजल्ला' या संहितेचं २६वं कलम हेच तत्त्वरूपात सांगतं: सार्वजनिक नुकसान टाळण्यासाठी खासगी नुकसान सोसलं जातं.

शासनाचा अधिकार कुठून येतो आणि कुठे संपतो

मुबाह गोष्टीवर शासनकर्ता मर्यादा घालू शकतो का? पुरावा म्हणून बहुतेक जण फक्त ४:५९ सांगतात, तुमच्यातल्या अधिकारी लोकांचं ऐका अशी ती आयत. ती पुरेशी नाही, कारण तिच्यासोबत बुखारीतल्या दोन हदीस येतात: पापाचा हुकूम नसेल तोवरच ऐकायचं, आणि आज्ञापालन फक्त चांगल्या गोष्टीत.

जास्त नेमका दाखला कुर्बानीच्या मांसाचा आहे. एका ईदला आसपासचे गरीब बदू (वाळवंटातले भटके) मदिनेत आले. पैगंबरांनी (स.) मांस तीन दिवसांपुरतं ठेवून उरलेलं दान करायला सांगितलं. पुढच्या वर्षी लोकांनी अडचण सांगितली, तेव्हा त्यांनी खुलासा केला की मनाई त्या आलेल्या लोकांसाठी होती. आता खा, साठवा, दान करा. ही हजरत आइशा (रजि.) यांची हदीस मुस्लिममध्ये आहे. मुभा असलेल्या गोष्टीवर तात्पुरती मर्यादा आली, तिचं कारण सार्वजनिक होतं, आणि कारण संपताच मर्यादाही गेली. तिन्ही गोष्टी एकत्र धरा. अर्धे लोक पहिली घेऊन सरकारला सगळं काही बहाल करतात आणि तिसरी विसरतात.

मजल्लाचं ५८वं कलम याचीच सीमारेषा आखतं: रयतेवरचा शासनकर्त्याचा कारभार लोकहिताशी बांधलेला आहे. शाफिई मजहबच्या फकीहांनी आणखी बारकावा केला. मनाईमागे लोकहित असेल तर ती मनापासून पाळणं वाजिब, नसेल तर फितना टाळण्यासाठी फक्त वरकरणी. शिया पंथाच्या जाफरी फिक्हमध्ये समाजाची घडी टिकवणं हा स्वतंत्र आधार धरून याच जागी पोचतात. पाकिस्तानचा १९६५चा शस्त्र अध्यादेश, इजिप्तचा १९५४चा ३९४ क्रमांकाचा कायदा, मलेशियाचा १९६०चा शस्त्र कायदा, हे सगळे परवान्यावरच चालतात. अर्थात, मुस्लिमबहुल देशात कायदा आहे म्हणून तो शरीयतशी सुसंगत, असं म्हणणं हा पुरावा नव्हे.

आता कोऱ्या जागांकडे या

आखलेल्या कागदावरच्या प्रत्येक अटीला हे चार प्रश्न विचारा:

१. या अटीमुळे कोणतं नुकसान टळतं? जीव, अक्कल, माल, दीन, वंश, या पाचांपैकी कशाचं रक्षण होतं?
२. ती अट गरजेपुरतीच आहे का? गरजेला गरजेच्या मापानेच मोजावं, हे मजल्लाचं २२वं कलम.
३. ती सगळ्यांना सारखी लागू आहे का?
४. ती पाळताना एखादं वाजिब सोडावं किंवा हराम करावं लागतं का?

चौथ्या प्रश्नावर परवान्याच्या कायद्यातली अट अडकणं दुर्मीळच. अडचण येते ती दुसऱ्या आणि तिसऱ्यावर. पडताळणी, प्रशिक्षण, कुलूपबंद साठवण, काडतुसांची मर्यादा या अटी सहज पार होतात. 'अधिकाऱ्याला योग्य वाटल्यास' एवढ्याच आधारावर, कारण न देता नाकारणं पार होत नाही. विशिष्ट धर्माच्या, जमातीच्या किंवा वस्तीच्या लोकांचेच अर्ज अडवणं हा उघड जुल्म. पण त्यामुळे ते एक कलम किंवा ती एक कृती चुकीची ठरते, बाकीच्या अटींतून सुटका होत नाही. शेजाऱ्याला परवाना मिळाला आणि मला नाही, म्हणून मी विनापरवाना बंदूक ठेवतो, हे कोणत्याही मजहबमध्ये बसत नाही. अपील, न्यायालय, तक्रार हे रस्ते उघडे असेपर्यंत तर नाहीच.

जप्तीचं कलम वेगळं तपासा. हुनैनच्या वेळी, हिजरी ८ मध्ये, सफवान बिन उमय्या अजून मुसलमान झाले नव्हते. पैगंबरांनी (स.) त्यांच्याकडे चिलखतं मागितली. हिसकावून घेताय का, असं त्यांनी विचारलं. उत्तर मिळालं, नाही, उसनी, हमी देऊन. ही हदीस अबू दाऊदमध्ये आहे. सत्ता आणि गरज दोन्ही असताना मालकी मोडली नाही. म्हणून गुन्हा नसताना, केवळ धोरण बदललं म्हणून शस्त्रं परत घेतली जात असतील, तर भरपाई आहे का ते कलमात शोधा. नसेल तर तिथे खूण करा.

फीला मक्स, म्हणजे अन्यायी वसुली, म्हणणारे भेटतात. पडताळणी, नोंद, तपासणी यांच्या खर्चाला धरून असलेली फी सेवेचा मोबदला आहे. गरिबाला मुद्दाम बाहेर ठेवण्याइतकी ती फुगवली असेल तर प्रश्न दोन आणि तीन पुन्हा विचारा.

राज्य मुस्लिमांचं नसेल तर

इथे ४:५९ वरून वाद घालत बसू नका, त्या आयतीतल्या 'तुमच्यातले' या अटीवरच चर्चा अडकते. आधार कराराचा घ्या: करार पूर्ण करा (५:१), वचनाबद्दल विचारणा होईल (१७:३४). नागरिकत्व असो की व्हिसा, त्या देशाचे कायदे पाळायचं वचन त्यात आलंच.

आणि शस्त्राविषयीचाच दाखला हवा असेल तर हुदैबियाचा तह आहे, हिजरी ६, म्हणजे इ.स. ६२८. मक्केवर तेव्हा मुश्रिक (मूर्तिपूजक) कुरैश टोळीची सत्ता होती. तहातली एक अट अशी की मुसलमान पुढच्या वर्षी येतील, तीन दिवस राहतील आणि म्यानातल्या तलवारीखेरीज शस्त्र आत आणणार नाहीत. पैगंबरांनी (स.) ती मान्य केली. पुढच्या वर्षी उमऱ्याला (मक्केच्या यात्रेला) जाताना बाकीची शस्त्रं मक्केबाहेर याजज इथे पहाऱ्यात ठेवल्याचं सीरतच्या (पैगंबरचरित्राच्या) ग्रंथांत येतं. कोणतं शस्त्र, कोणत्या अवस्थेत, कोणत्या हद्दीत, किती दिवस: परवान्यावर छापलेलं असतं ते सगळं त्या एका अटीत आहे, आणि ती घालणारे गैरमुस्लिम होते. या विषयावर एकच पुरावा सांगायची मुभा असेल तर हा सांगा.

स्वसंरक्षणाचा मुद्दा

माल, जीव, दीन, घरची माणसं यांचं रक्षण करताना मेलेला शहीद, ही हदीस खरी आहे आणि हक्कही खरा आहे. त्यातून विनापरवाना शस्त्र निघत नाही. नसाई या संग्रहातली हदीस क्रम सांगते. माल लुटायला कुणी आला तर? त्याला अल्लाहची आठवण दे. ऐकलं नाही तर? आसपासच्या मुसलमानांची मदत घे. कुणीच नसेल तर? शासनाची मदत घे. शासन लांब असेल तर? मग लढ. शासनाची पायरी लढण्याच्या आधी आहे. फकीहांनीही हल्लेखोराला रोखताना हलक्या उपायापासून जड उपायाकडे जायला सांगितलं. आरडाओरड्याने पळत असेल तर काठी नको, काठीने भागत असेल तर गोळी नको. पळून चाललेल्या चोराच्या पाठीत गोळी घालणं या हक्कात बसत नाही.

खरोखर जीवावर बेतलं आणि हाताला दुसऱ्याचं शस्त्र लागलं, तर त्या घटकेपुरती जरूरत (नाइलाजाची सवलत) लागू होते. ती घटका संपली की सवलतही संपते. 'कधी तरी लागेल' ही जरूरत नव्हे. तशी खरी भीती असेल तर तोच मुद्दा पुराव्यानिशी अर्जात लिहावा.

अर्ज करताना

दीनच्या दृष्टीने सगळ्यात जास्त चुका कायद्याच्या चर्चेत होत नाहीत, अर्जात होतात. पत्ता, जुने गुन्हे, आजार, शस्त्र कशासाठी हवं ते कारण, यांत खोटं लिहिणं हे साधं खोटं राहत नाही. अर्जाखाली सही असते, म्हणून ते साक्षीच्या जवळ जातं. मोठमोठी पापं मोजताना पैगंबर (स.) टेकून बसले होते, खोट्या साक्षीपाशी आले तेव्हा सावरून बसले आणि तेच पुन्हा पुन्हा सांगत राहिले, असं बुखारीत आहे. चारित्र्याबद्दल ओळखीच्या माणसाची सही लागते, तिथेही हेच. भाचा आहे, नाही कसं म्हणू, म्हणून तापट, व्यसनी किंवा घरात मारहाण करणाऱ्या माणसासाठी सही करणारा त्या भाराखाली येतो.

लाचेबाबत बहुसंख्य फकीहांनी एक चिंचोळी वाट ठेवली आहे: हक्क सिद्ध आहे, तो अडवला जातोय आणि दुसरा मार्गच नाही, तर पाप घेणाऱ्यावर. शस्त्राच्या बाबतीत तिचा आधार घेऊ नये. पडताळणी होईपर्यंत हक्क सिद्धच झालेला नसतो, आणि लाच बहुधा त्या पडताळणीलाच फाटा देण्यासाठी मागितली आणि दिली जाते.

मुफ्तींना विचारायचं असेल तर 'बंदुकीचा परवाना जायज आहे का' असं विचारू नका, उत्तरही तितकंच ढोबळ येईल. देश, कलमाचा शब्दशः मजकूर, शस्त्राचा प्रकार, ते हवं असण्याचं कारण, अर्ज कोणत्या टप्प्यावर आहे आणि नाकारला असेल तर लेखी कारण, एवढं द्या. तुमचा मजहबही लिहा. शिकारीसाठी बंदूक घेत असाल तर वेगळा प्रश्न जोडा: गोळीने मेलेलं जनावर जिबह करायच्या (शरीयतच्या रीतीने कापायच्या) आधीच गेलं तर हलाल की नाही. यात मतभेद आहे. हनफी फकीह इब्ने आबिदीन यांनी गोळी धक्क्याने आणि भाजून मारते म्हणून ते हलाल धरलं नाही. येमेनचे विद्वान शौकानी यांनी गोळी आरपार जाते म्हणून धरलं.

परवाना मिळाल्यावर

परवाना सरकारी हिशोबात जबाबदारी देतो, दीनच्या हिशोबातली कमी करत नाही. मजल्लाच्या ९२व्या कलमाप्रमाणे थेट कृती करणारा हेतू नसला तरी जबाबदार. साफ करताना गोळी सुटून माणूस गेला तर ती चुकून झालेली हत्या, ४:९२ लागू: वारसांना दियत (जिवाची भरपाई), त्यांनी माफ केली तर वेगळं, आणि कफ्फारा (प्रायश्चित्त) म्हणून गुलामाची मुक्तता, ते शक्य नसल्यास सलग दोन महिने रोजे. वारसांनी माफ केलं तरी कफ्फारा उरतोच. उघड्या कपाटातून मुलाने बंदूक घेतली आणि काही घडलं, तर ९३व्या कलमाचा प्रश्न येतो, निमित्त ठरलेल्या माणसाने हद्द ओलांडली होती का. कायद्याने कुलूप सांगितलं असताना ते न लावणं ही हद्द ओलांडल्याची उघड खूण, म्हणजे कायद्याची अट इथे शरीयतमधली जबाबदारी ठरवायला उपयोगी पडते. बंदूक आणि काडतुसं वेगळ्या कुलुपात, दोन्ही किल्ल्या एका जागी नाहीत.

लग्नाच्या वरातीत हवेत गोळीबार कुठल्याच रकान्यात बसत नाही. वर गेलेली गोळी खाली येतेच, आणि बाणांच्या टोकांची हदीस तर साध्या चालण्याबद्दल होती.

मालक वारला तर परवाना त्याच्याबरोबर संपतो, शस्त्र मात्र तरक्यात (मागे राहिलेल्या मालमत्तेत) येतं. इथे घरोघरी गोंधळ होतो: मोठा मुलगा 'अब्बांची आठवण' म्हणून बंदूक ठेवून घेतो, ना कायद्याला कळवतो ना बहिणींचा हिस्सा धरतो. त्याऐवजी आधी कायद्याने ठरवलेल्या मुदतीत मृत्यूची माहिती देऊन शस्त्र पोलिसांकडे किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करा आणि पावती घ्या. मग किंमत काढा. कफन-दफन, कर्ज आणि एक तृतीयांशाच्या आतली वसीयत वजा झाल्यावर जे उरतं त्यात ही किंमत धरून वाटणी करा. वारसांपैकी कुणाकडे परवाना असेल किंवा मिळणार असेल, तर तो आपल्या हिश्श्यात बाजारभावाने शस्त्र घेऊ शकतो, बाकीच्यांच्या संमतीने. कुणीच नसेल तर परवानाधारकाला विकून पैसे वाटा. वारसांत नाबालिग असेल तर त्याच्या हिश्श्याच्या वतीने कुणी सूट देऊ शकत नाही, म्हणून किंमत लेखी काढून घ्या आणि तो कागद पावतीला जोडून ठेवा.